खाडीच्या मुखाशी, खाडीच्या माथ्याशी

कोकणचा नकाशा पुढे घेऊन बसणाऱ्याची दृष्टी सहसा उत्तरेकडून दक्षिणेकडे धावते. मुंबई, अलिबाग, हर्णै, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले अशी नावे वाचत ती गोव्यापर्यंत जाऊन पोचते, आणि ही लांबट भूमी जणू पूर्वीपासून अशीच उभी वाचली जात आली असावी, असा समज मनात घट्ट बसतो. वस्तुतः ज्या काळी ही बंदरे खऱ्या अर्थाने बंदरे होती, त्या काळी कोकण आडवे वाचले जात असे. सह्याद्रीच्या माथ्यावरून बैलांच्या तांड्यांनी माल घाट उतरावा, पायथ्याशी खाडीच्या शेवटच्या भरतीच्या टोकावर वसलेल्या पेठेत तो गोदामात पडावा, तेथून मचव्यांनी व पडावांनी ओहोटीबरोबर खाली जाऊन खाडीच्या मुखाशी नांगरलेल्या मोठ्या तारवांत चढावा, आणि मग मस्कत, एडन, मलबार किंवा सुरत यांची वाट धरावी, हा क्रम शतकानुशतके चालत आला होता. त्यामुळे कोकणातले बंदर एकेकटे नसून जोडीने नांदत असे. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट आणि माथ्याशी महाड. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आणि माथ्याशी गोवळकोट व चिपळूण. शास्त्रीच्या मुखाशी जयगड आणि माथ्याशी संगमेश्वर. जैतापूर आणि राजापूर, विजयदुर्ग आणि खारेपाटण, ह्या साऱ्या अशाच जोड्या. वरच्या गावाला सावकार, दलाल व घाटमाथ्याची उतारपेठ. खालच्या गावाला तांडेल, खलाशी, जकातीचा नाका आणि किल्ला. एका गावाचा उत्कर्ष दुसऱ्यावाचून होत नसे. पुढे मात्र काळाने असे फासे टाकले की एकाचा उदय दुसऱ्याच्या अस्तावर होऊ लागला, आणि त्याच पालटाचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

ह्या किनाऱ्याची प्राचीनता सांगण्याचा मोह आवरता घेणे बरे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक नौकानयन-ग्रंथात कल्याणच्या खालची बंदरे ओळीने येतात. त्यांतील सेमिल्ला म्हणजे चौल याविषयी विद्वानांत फारसा वाद नाही, परंतु मंदगोरा, पालैपत्मै, मेलिझेगारा ह्या नावांना बाणकोट, दाभोळ, जयगड असे अर्थ चिकटविताना प्रत्येक संशोधकाने आपापल्या आवडीच्या गावाला झुकते माप दिलेले आहे. नावांपेक्षा एक गोष्ट अधिक ध्यानात ठेवण्याजोगी आहे. टॉलेमीने ह्याच किनाऱ्याच्या एका पट्ट्याला चाच्यांचा किनारा म्हटले आहे. व्यापार आणि लूट ही येथे एकाच खाडीच्या आश्रयाने राहत होती, आणि जो तो आपल्या आरमाराला आरमार व दुसऱ्याच्या आरमाराला चाचेगिरी म्हणत आला, हे पुढच्या दीड हजार वर्षांच्या कारभाराचे सूत्र तेव्हाच पडलेले दिसते.

बहमनी आणि आदिलशाही काळात ह्या जोड्यांपैकी सर्वांत भरभराटीची जोडी दाभोळ-चिपळूणची. बिदर आणि विजापूर येथील दरबारांना अरबी घोडे लागत, हजच्या यात्रेकरूंना मक्केचे जहाज लागे, घाटमाथ्यावरच्या कापडाला आणि धान्याला पश्चिमेकडची बाजारपेठ लागे. ही सारी ये-जा वाशिष्ठीच्या मुखातून होई. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी, जो चौलला उतरून बिदरपर्यंत भटकला, तो मायदेशी परतण्यासाठी दाभोळलाच येऊन जहाजावर चढला. वास्को द गामाला कालिकतचे दर्शन घडण्यास तेव्हा अजून पंचवीसएक वर्षांचा अवधी होता. दाभोळच्या ह्या वैभवावर घाव पडला तो 1508 साली, आणि त्याचे कारण दाभोळात नव्हते, चौलात होते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये इजिप्तच्या सुलतानाचे आरमार आणि दीवचा मलिक अयाझ यांनी चौलच्या खाडीत पोर्तुगीज ताफ्याला गाठले, आणि त्या झुंजीत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. पुत्रशोकाने संतप्त झालेला बाप दीववर सूड घ्यावयास निघाला तो वाटेत दाभोळवर उतरला, आणि डिसेंबरअखेरीस ते सबंध शहर त्याने जाळून बेचिराख केले. ज्या आरमाराने मुलगा मारला त्याच्याशी दाभोळकरांचा संबंध किती, ह्याची चौकशी कोणी केली नाही. बंदर वाटेवर होते, श्रीमंत होते, एवढे पुरेसे झाले. दाभोळ त्या राखेतूनही उठले, सतराव्या शतकात विजापूरकरांच्या अमलाखाली तेथे घुमटाची देखणी मशीद उभी राहिली, ती आजही धक्क्याजवळ उभी आहे. पण हिंदुस्थानच्या पश्चिमेचे महाद्वार हा दाभोळचा लौकिक मात्र सुरतेने कायमचा नेला.

पोर्तुगीजांनी समुद्रात एक नवीनच कल्पना आणली: समुद्राला धनी असतो, आणि धन्याचा परवाना असल्याखेरीज तारवाने शीड उभारू नये. त्यांच्या ह्या परवान्याला आपल्याकडे दस्तक म्हणत. शिवाजी महाराजांनी 1657 साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर जहाजबांधणीला हात घातला, 1664 मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, 1679 मध्ये खांदेरीवर ठाणे बसवून इंग्रज आणि सिद्दी ह्या दोघांनाही एकाच वेळी अंगावर घेतले. ह्या सर्व उद्योगांचे मर्म हेच की समुद्रावरचा दस्तक परक्याच्या हातून आपल्या हाती यावा. कान्होजी आंग्र्यांनी तो आणला. त्यांची गुराबे आणि गलबते मोठ्या जहाजांच्या मानाने उथळ बुडाची; वारा पडला म्हणजे गलबतांनी वल्ही मारीत गुराब ओढून न्यावे, शत्रूच्या पिछाडीला यावे, तोफा डागाव्या, आणि प्रसंग बिकट दिसला तर खाडीत शिरावे, जेथे खोल बुडाच्या विलायती जहाजाला पाठलाग करणे शक्य नसे. म्हणजे खाडी ही ह्या आरमाराची ढाल होती, आणि विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत आंग्र्यांची गोदी होती तीही त्याच विचाराने. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे; त्यात रयतेच्या आंब्या-फणसांच्या झाडांना हात लावू नये, लावणे पडल्यास धन्यास राजी करून, मोबदला देऊन तोडावे, अशी ताकीद आहे. जहाजाचे लाकूड कोठून येते आणि त्याचा भार कोणाच्या अंगणावर पडतो, हे ज्या राज्यकर्त्याला ठाऊक होते त्याची ती ताकीद आहे; नंतरच्या अमलदाऱ्यांना तिचा विसर पडला.

आणि मग तो करार. तुळाजी आंग्र्यांचा उपद्रव मोडण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांना हाताशी धरले. 1755 च्या एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग घेतला, पाठोपाठ बाणकोट पडले, आणि 1756 च्या फेब्रुवारीत वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गाखाली आंग्र्यांचे आरमार जाळून टाकले. विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला. त्याच्या बदल्यात बाणकोट आणि भोवतालची काही गावे इंग्रजांकडे गेली, व त्यांनी त्या किल्ल्याला व्हिक्टोरिया हे नाव ठेवले. घरातील भाऊबंद बंडखोर झाला म्हणून घराची तटबंदी शेजाऱ्याकडून पाडून घ्यावी, तसा हा व्यवहार झाला. पेशवाईच्या कारभारात ज्या चुका झाल्या त्यांत हिच्याइतकी दूरगामी चूक दुसरी क्वचितच सापडेल.

1818 नंतर समुद्र शांत झाला. दर्यावर लूट राहिली नाही, दस्तकाची भीती राहिली नाही, आणि तरीही ह्याच शांततेच्या शतकात खाडीमाथ्याच्या पेठा एकेक करून सुकत गेल्या. ह्याची कारणे दोन. पहिले असे की घाटावरचा माल जवळच्या खाडीकडे उतरण्याचे कारण उरले नाही: 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, 1863 मध्ये त्याच घाटातून आगगाडी चढली, आणि देशावरचे कापूस-धान्य सरळ मुंबईच्या गोदीत जाऊ लागले. दक्षिणेस वेंगुर्ल्याची तीच गत. सतराव्या शतकात डचांनी जेथे वखार घातली आणि 1812 मध्ये सावंतवाडीकरांकडून इंग्रजांनी जे मुद्दाम मागून घेतले, ते हे बंदर बेळगाव-धारवाडचा कापूस आंबोली घाटाने उतरवून घेऊन गबर झाले होते. 1887-88 च्या सुमारास मुरगावपर्यंत लोहमार्ग पोचला आणि थोड्याच वर्षांत वेंगुर्ल्याच्या गोदामांना टाळी लागली. डच वखारीचे भग्नावशेष आज झाडाझुडपांत उभे आहेत. दुसरे कारण अधिक मंद आणि अधिक घातक. मुंबईची चूल आणि मुंबईची इमारत पेटती-वाढती ठेवण्यासाठी कोकणची जंगले तुटली, डोंगरउतारांवरची माती पावसाबरोबर खाडीत आली, आणि ज्या राजापूरच्या धक्क्याला पूर्वी मोठी तारवे लागत, जेथे 1661 मध्ये इंग्रजांची वखार शिवाजी महाराजांनी खणून काढली, त्या राजापूरपर्यंत पुढे भरतीलादेखील फक्त लहान होड्याच पोचू लागल्या. खारेपाटणची कथा ह्याहून निराळी नाही.

माथा असा कोरडा पडत असता मुखाला मात्र नवे आयुष्य लाभले, आणि ते आणले आगबोटीने. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 1830 च्या मार्चमध्ये सुवेजकडे निघाली, ती बातमी कोकणच्या कोळ्याला ऐकूही आली नसेल. पण त्या शतकाच्या उत्तरार्धात शेफर्ड कंपनीच्या बोटी किनाऱ्याने नियमित धावू लागल्या, पुढे तो व्यवहार बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे आला, आणि किनारा प्रथमच उभा वाचला जाऊ लागला. ह्या बोटींना खाडीच्या माथ्याशी कर्तव्य नव्हते. वेळापत्रक सांभाळणाऱ्या लोखंडी बोटीने भरतीची वाट पाहत खाडीत शिरणे परवडण्याजोगे नव्हते. ती मुखाशी, कित्येक ठिकाणी तर उघड्या समुद्रातच, थांबे, भोंगा देई, उतारू घेई आणि निघून जाई. दाभोळहून चिपळूणकडे आणि बाणकोटहून दासगावकडे लहान लाँचा जात खऱ्या. पण त्या पोटवाटा झाल्या, हमरस्ता समुद्रातून गेला.

त्या प्रवासाचे वर्णन ज्यांनी तो केला त्यांच्या तोंडून ऐकणाऱ्या पिढीतील माणसे अजून आहेत. मुंबईस भाऊच्या धक्क्यावर, जो लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात बांधला त्याच नावाच्या धक्क्यावर, वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका, गिरणीतल्या पगारातून घेतलेली लुगडी आणि पोराबाळांचा कालवा घेऊन चाकरमानी तासन् तास आधी येऊन बसत. डेकवर सतरंजी पसरून जागा अडविणे ही पहिली लढाई. खांदेरीचा दीप मागे पडला, बाहेरचा हेलकावा सुरू झाला आणि अर्ध्या उतारूंना बोट लागली, म्हणजे ती जिंकलेली जागा कोणाच्याच उपयोगाची राहत नसे. मग बंदरे येऊ लागत: बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, आणि शेवटी पणजी. प्रत्येक बंदराचा स्वभाव वेगळा. जयगड आणि विजयदुर्ग ही जातिवंत बंदरे, आत शिरताच पाणी निवळणारी. देवगडला डोंगराची ओट चांगली. मालवणला खडकांमधून वाट काढावी लागे आणि तेथला तांडेल ती अंधारातही काढीत असे. हर्णैला मात्र उघडा समुद्र, आणि तेथे उतरणे म्हणजे शरीराची परीक्षा. बोट उभी राही, किनाऱ्यावरून पडाव येऊन तिच्या कुशीला लागत, लाट पडावाला वर उचली त्या क्षणी खलाशी उतारूचे बखोट धरून त्याला खाली ओढून घेई, पुढच्या क्षणी पडाव पुरुषभर खाली गेलेला असे. म्हाताऱ्या बायकांना आणि तान्ह्या मुलांना हातोहात झेलीत. पडाव उथळ पाण्यात आला की पुन्हा खांद्यावर बसवून कोरड्यावर नेत. आगबोटीच्या कंपनीचा नफा-तोटा हिशेबाच्या वह्यांत सापडतो. ह्या खलाशांच्या खांद्यांचा हिशेब कोठे ठेवलेला नाही, आणि कोकणातल्या तीन पिढ्या त्यांच्यावर बसून गावी पोचलेल्या आहेत.

पावसाळ्यात हे सारे बंद. मे सरता सरता गोव्याकडच्या बोटी थांबत, पडाव ओढून माडांखाली झापांनी झाकून ठेवीत, आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळेपर्यंत रत्नागिरी जिल्हा मुंबईपासून एखाद्या बेटासारखा तुटे. धोंडो केशव कर्वे मुरूडहून परीक्षेस निघाले ते 1875 साल. पावसाच्या व वादळी हवेच्या दिवसांत मुंबईची वाट सोयीची उरली नव्हती, म्हणून शंभरावर मैल पायी तुडवीत ते साताऱ्यास गेले, आणि तेथे वय लहान दिसते म्हणून परीक्षेस बसू दिले गेले नाही. ह्याच दुर्गमतेचा सरकारला उपयोगही होता. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला 1886 मध्ये समुद्रमार्गाने आणून रत्नागिरीस ठेवले आणि 1916 साली तो तेथेच वारला. रेल्वे नाही, घाटाची वाट अवघड, समुद्राची वाट सरकारी नजरेखाली, ह्यापेक्षा सोयीचा तुरुंग शोधून मिळाला नसता.

परंतु जी वाट राजाला कोंडते तीच दुसऱ्या कोणाला मोकळे करते, ह्याचेही उदाहरण ह्याच किनाऱ्यावर आहे. 1927 च्या डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या सत्याग्रहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून निघाले तेव्हा धरमतरच्या मोटारमालकांनी सत्याग्रहींना गाडीत न घेण्याचा ठराव केलेला होता. म्हणून ते आणि त्यांचे दोनशेवर सहकारी 24 तारखेस ‘पद्मावती’ बोटीने निघाले व दुसऱ्या दिवशी सावित्रीच्या खाडीने वर जाऊन दासगावला उतरले. जमिनीवरचा रस्ता ज्यांना नाकारला गेला त्यांना पाण्याने रस्ता दिला, आणि पाणी हाच त्या सत्याग्रहाचा विषय होता. खाडीने मुखापासून माथ्यापर्यंत नेलेल्या असंख्य उतारूंत ह्या उतारूंएवढे मोलाचे ओझे क्वचितच कोणी वाहिले असेल.

बोटींची किंमत माणसांनी वेळोवेळी चुकविली. परदेशी कंपनीला शह म्हणून जी देशी कंपनी निघाली आणि जिला लोक ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, तिच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ ह्या दोन बोटी 11 नोव्हेंबर 1927 रोजी एकाच वादळात बुडाल्या. म्हणजे आंबेडकर महाडला निघाले त्याच्या सहा आठवडे आधी. मुंबई-रेवस हा मार्ग जवळचा म्हणून पावसाळ्यातही चालू ठेवीत, आणि त्याच मार्गावर 17 जुलै 1947 ला, आषाढी अमावास्येच्या दिवशी, सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली ‘रामदास’ थोड्याच वेळात कलंडली. सहाशेंवर माणसे गेली. बहुतेक सारी अलिबाग-पेणकडची, सणाला घरी निघालेली. मुंबई डोळ्यांसमोर होती, तरी शहरात बातमी पोचण्यास कित्येक तास लागले. स्वातंत्र्याला चार आठवडे उरलेले असल्याने देशाने ह्या घटनेचा शोक पुरता केला नाही, पण रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत ती अजून नावानिशी सांगितली जाते.

त्यानंतरची हकीकत थोडक्यात आटोपते. एसटी आली, खाड्यांवर पूल झाले, मुंबई-गोवा हमरस्ता पक्का झाला, आणि शतकाच्या अखेरच्या दशकांत गोव्याची बोट बंद पडली. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे सुरू झाल्यावर तिची आठवण काढण्याचेही प्रयोजन उरले नाही. पण हा रस्ता आणि हा लोहमार्ग कोठून गेले ते पाहावे. खाडीला पूल बांधायचा तर ती अरुंद असेल तेथेच, म्हणजे माथ्याशीच, बांधणे स्वस्त. तेव्हा हमरस्ता महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ह्याच गावांतून गेला. गाळाने मेलेल्या पेठा डांबराने उठल्या. आणि आगबोटीने जगविलेली मुखाची बंदरे, बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग, ही रस्त्याच्या शेवटाची गावे झाली, जेथे एसटी वळते आणि परत जाते. हर्णै आणि देवगड मासळीने व आंब्याने सावरली, मालवण पर्यटकांनी सावरले. बाकीच्यांना तेवढाही आधार लाभला नाही.

2018 मध्ये ‘आंग्रिया’ ही विहारनौका मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली तेव्हा जुन्या बोटीचे पुनरुज्जीवन झाले म्हणून पुष्कळांना आनंद झाला. तो मला फारसा वाटला नाही, कारण बाहेरच्या समुद्रातून रात्री जाणाऱ्या त्या नौकेला ही बंदरे दिसत नव्हती, त्यांना तिचा उपयोग नव्हता. माझ्या मते कोकणच्या जलमार्गाचे खरे पुनरुज्जीवन दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडले, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ येथील मोटारी वाहून नेणाऱ्या फेरीबोटींनी केले आहे. त्या लांबचा प्रवास घडवीत नाहीत, पण मुखाच्या गावांना पुन्हा वाटेवर आणतात. उरते ते खाडीच्या लांबीचे काम, आणि ते गाळ काढल्यावाचून होणार नाही. सरकारला जलपर्यटनाच्या योजना आखावयाच्या असतील तर त्यांचा पहिला खर्च धक्क्यावरच्या उपाहारगृहावर न होता खाडीतल्या गाळावर व्हावा. आणि ज्या वाचकाला हा इतिहास स्वतः पाहावयाचा असेल त्याने रत्नागिरीची मोठी सहल न योजता एवढेच करावे: दाभोळच्या धक्क्यावर स्थानिक होडीवाल्याला भरतीची वेळ विचारावी, ऊन चढण्याआधी निघावे, आणि वाशिष्ठीने गोवळकोटपर्यंत वर जावे.